वाळूत पुरलेलं

शेजारच्या बाईच्या मांडीवर पसरलेल्या गुलाबी कागदात हेमावतीला आपलं वाक्य दिसलं. बस अमिंजीकरैच्या अलीकडं अडकून पडली होती, जूनच्या उन्हानं तापलेला खिडकीचा पत्रा दंडाला चटके देत होता, आणि ती रोजच्यासारखी डोळे मिटून घेणार एवढ्यात नजर सहज तिकडं गेली. तमिळमध्ये छापलेलं पत्रक होतं. वर जाड अक्षरांत लोकांनी जागं व्हावं अशी हाक, खाली दाटीवाटीचा मजकूर, आणि मधोमध चौकटीत: ‘फडक्यात गुंडाळून आणलेला माल आम्ही आधी वाळूत पुरला आणि मग वर रस्त्यावर आलो.’ हा एन्नोरकडच्या छावणीतल्या एका निर्वासित बाईनं स्वतः दिलेला कबुलीजबाब आहे, असं त्याखाली म्हटलं होतं. माल कसला, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. महिन्याभरापूर्वी शहराजवळच्या निवडणूक सभेत बाँब फुटून माजी पंतप्रधान मारले गेले होते, संशय समुद्रापलीकडच्या बंडखोरांवर होता, आणि तेव्हापासून त्या बेटावरून आलेला प्रत्येक माणूस, मग तो म्हातारा असो की तान्हा, खिशात काहीतरी घेऊन फिरतोय अशा नजरेनं लोक पाहत होते. हेमावतीची नजर त्या चौकटीवरून हलेना. शेजारच्या बाईला वाटलं, हिलाही वाचायचंय. तिनं चांगुलपणानं कागद जरा इकडं सरकवला आणि म्हणाली की आपण यांना तांदूळ द्यायचा आणि यांनी आपल्याच पायाखाली बंदुका पुरायच्या, हे असं आहे अम्मा. हेमावतीनं मान डोलावली. पुढं कितीतरी दिवस ती त्या डोलावलेल्या मानेपाशी येऊन अडखळायची. कुणी बळजबरी केली नव्हती, बाई अनोळखी होती, नुसतं खिडकीबाहेर पाहिलं असतं तरी चाललं असतं. पण मान आपोआप हलली, आणि हलताना जे सुटल्यासारखं वाटलं त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दोन थांबे आधीच ती उतरली आणि बँकेपर्यंत चालत गेली. वाक्य डोक्यात फिरत होतं, पण तीन आवाजांत. पहिला आवाज तवमणीचा, त्या छावणीतल्या निर्वासित बाईचा. फेब्रुवारीत, एन्नोरच्या खाडीपलीकडं ज्या वादळ-निवाऱ्यात या लोकांना ठेवलं होतं त्याच्या पायरीवर बसून, आपल्या मन्नारकडच्या लांबट हेलात तिनं सांगितलं होतं ते. दुसरा आवाज हेमावतीचा स्वतःचा, इंग्रजीतला, टाइपरायटरच्या टकटकीतून आलेला. आणि तिसरा हा गुलाबी कागदावरचा, जो तिच्या इंग्रजीवरूनच कुणीतरी परत तमिळमध्ये आणला होता. तमिळमधून निघालेलं वाक्य तमिळमध्ये परत आलं होतं, आणि येताना त्याच्या हातात बंदूक होती. तिनं लिहिलं होतं, ‘जे आम्ही फडक्यात गुंडाळून आणलं होतं ते’. पत्रक काढणाऱ्यानं त्याचा केला ‘सरक्कु’. माल. एवढाच फरक. त्यानं खोटं काय केलं असं कुणी विचारलं असतं तर तिला धड बोट ठेवून दाखवताही आलं नसतं. जागा तिनंच रिकामी ठेवली होती, त्यानं ती भरली.

ती तंजावरची मराठी. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराबरोबर आलेल्यांची वंशज. बँकेत टायपिस्ट, अण्णा नगरात घर, मुलगी लग्न होऊन बेंगळूरला. घरात जुनी मराठी, बाहेर तमिळ, कागदावर इंग्रजी. या तीन भाषांच्या ये-जा करण्यामुळंच दत्ताजी रावांनी तिला वर्षभरापूर्वी बोलावलं होतं. दत्ताजी राव म्हणजे निवृत्त प्राध्यापक, तिच्या माहेरच्या नात्यातले, सडसडीत, कानात भिकबाळीचं जुनं भोक असलेले. एग्मोरला स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली होती, तिथं चार-पाच जण संध्याकाळी जमत. बेटावर नव्वद साली पुन्हा लढाई पेटल्यावर होड्या भरभरून माणसं आली, ती माणसं काय म्हणतात हे कुणी विचारत नाही, सगळे त्यांच्याबद्दलच बोलतात, असं रावांचं म्हणणं होतं. म्हणून ते छावण्यांत जाऊन माणसांचं बोलणं टिपून आणत, आणि महिन्यातून एकदा चार पानांचं चक्रमुद्रित पत्रक काढत. नाव ‘करै’, म्हणजे किनारा. ते वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत, वकिलांकडं, दिल्लीच्या संस्थांकडं जायचं, म्हणून इंग्रजीत. शेवटच्या पानावर अफवा आणि तिची शहानिशा. छावणीतल्या लोकांनी मच्छीमारांच्या टाकीत विष घातलं असं उठलं तेव्हा राव स्वतः बाटलीत पाणी भरून घेऊन आले होते, एका ओळखीच्या रसायनतज्ज्ञाकडून तपासून त्यांनी आकडे छापले होते. अनुवादकाचं नाव मात्र पत्रकात कधीच नसायचं. ते हेमावतीनंच सांगितलं होतं. तिचे यजमान सेतुमाधव आवडी गावातल्या लष्करी कारखान्यात होते, तिथं दर वर्षी एक फॉर्म भरावा लागे, घरातलं कुणी परदेशी माणसांच्या संपर्कात आहे काय.

तवमणी तेवीस-चोवीस वर्षांची. तिनं दोन तास सांगितलं होतं आणि हेमावतीनं वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं. पेसालैहून रात्रीची होडी, बत्तीस माणसं, नवरा मागं राहिलेला, कारण त्याच्या आईला चालवत नव्हतं. पहाटे होडीवाल्यानं सगळ्यांना समुद्राच्या मध्यावरच्या एका वाळूच्या पट्टीवर उतरवलं, भारत आला म्हणाला आणि निघून गेला. दोन दिवस त्या पट्टीवर. पाणी नाही, सावली नाही. मुलगी आठ महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिला तिथंच पुरलं, आणि संध्याकाळी एका मच्छीमाराच्या होडीनं त्यांना धनुष्कोडीला आणलं. एवढं सांगून झाल्यावर तवमणी म्हणाली होती, अक्का, हे मुलीचं लिहू नका. त्याला ठाऊक नाही. पाद्रीबाबांच्या हाती मी चिठ्ठी धाडलीय, त्यात लिहिलंय आम्ही दोघी सुखरूप. तुमच्या एग्मोरचाच पत्ता दिलाय, कारण आमचा पत्ता कधी बदलेल सांगता येत नाही. लिहिणार नाही ना? हेमावतीनं तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं होतं. आणि मग टाइपरायटरपुढं बसल्यावर ती जागा आली. सरळ गाळून पुढं जाता आलं असतं. पण गाळवेना. तवमणीचं सगळं बोलणं त्या जागेभोवतीच फिरत होतं. म्हणून तिनं एक वाक्य केलं. फडक्यात गुंडाळून आणलं होतं ते वाळूत पुरलं आणि मग वर रस्त्यावर आलो. वचनही राहिलं, आणि ते मूलही कुठंतरी राहिलं, असं तिला वाटलं होतं. रावांनी ते वाचून चष्मा काढला होता आणि म्हणाले होते, हेमाबाई, हे वाक्य तुमचंच. तेव्हा तिला अभिमान वाटला होता. आता बँकेत लेटरहेडवर कर्जदारांना स्मरणपत्रं बडवताना तो अभिमान आठवला आणि ती उठून पाणी प्यायला गेली.

संध्याकाळी एग्मोरच्या खोलीत शिरली तर टेबलावर तो गुलाबी कागद आधीच होता. एक नव्हे, सात. वेगवेगळ्या ठिकाणांहून लोकांनी आणून दिलेले. दत्ताजी राव एकटेच होते. बाकीच्यांना त्यांनी चार दिवस येऊ नका असं सांगितलं होतं. दुपारी साध्या कपड्यातला एक माणूस येऊन गेला, फार सभ्यपणे बोलला, ‘करै’चे सगळे अंक मागून घेतले आणि जाताना इंग्रजी कोण करतं एवढं विचारलं. राव म्हणाले, मी. हे त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं. मग त्यांनी एन्नोरची बातमी सांगितली. कुप्पमच्या लोकांनी, म्हणजे शेजारच्या मच्छीमार वस्तीनं, निवाऱ्यातल्या बायकांचं नळावर येणं बंद केलंय. दुकानदार मीठसुद्धा देत नाही. काल काही जण पहारी घेऊन आले आणि त्यांनी निवाऱ्यामागची वाळू उकरून पाहिली. काही निघालं नाही, तेव्हा म्हणाले, दुसरीकडं हलवलं असणार. गुरुवारी वस्तीची बैठक आहे, यांना इथं राहू द्यायचं की नाही ते ठरवायला. निवाऱ्यात साठ कुटुंबं होती.

तिनं विचारलं की आपण छापू या का, हे खोटं आहे म्हणून. रावांनी नकारार्थी मान हलवली. खोटं आहे म्हणून छापायचं तर खरं काय तेही छापावं लागेल. काय पुरलं होतं, असा पहिला प्रश्न येईल. बाकी सगळं तपासून दाखवता येतं, हे एवढंच दाखवता येत नाही.

“तिला मी वचन दिलंय,” हेमावती म्हणाली.

“होय. म्हणून हें तुम्ही ठरवूं नका, मीही ठरवूं नये. त्या पोरीस विचारलें पाहिजे. आणि तें मी विचारलेलें बरें नव्हे.”

घरी परतताना प्रत्येक रिक्षा तिच्या मागंच येत होती. थांब्यावर वर्तमानपत्र वाचत उभा असलेला माणूस पान उलटत नव्हता. ती स्वतःला समजावत होती की तो कोडं सोडवत असेल, आणि त्याच वेळी त्याच्या चपला लक्षात ठेवत होती. जिन्यात खालच्या मजल्यावरची विद्युलता भेटली. पुण्याची, नवरा बँकेत अधिकारी, दोन वर्षांपूर्वीच बदलून आलेली, मराठी बोलायला मिळतं म्हणून हेमावतीला धरून असायची. तिच्या हातातही तोच कागद. “अहो, सकाळी पेपरात घालून आला. मला तमिळ वाचता येत नाही, मोलकरणीनं वाचून दाखवलं. मी तर आता पोरांना पाणी उकळूनच देते,” ती म्हणाली. एन्नोर कुठं, अण्णा नगर कुठं, नळाचा आणि वाळूचा संबंध काय, हे काहीही विचारण्यासारखं नव्हतं, कारण विद्युलता खरोखर घाबरलेली होती. तिच्या ओठांवर कोरडी साल आली होती. हेमावतीला एकदम वाटलं की भीती ही आजारासारखी नसते, ती स्वयंपाकघरातल्या धुरासारखी असते. कुठल्या घरातून निघाली हे कळत नाही, डोळे सगळ्यांचे चुरचुरतात. इथंच, या पायरीवर सांगून टाकावं, ते मूल होतं. पण उकळलेलं केव्हाही बरं, असं काहीतरी बोलून ती वर गेली.

तिच्या लहानपणी, तंजावरला, आईला दिवस गेले होते आणि एका दुपारी घरात खूप बायका जमल्या. मग वडील एक पांढरं गाठोडं घेऊन मागच्या दारानं गेले. ती सात वर्षांची. बाळ कुठं आहे विचारलं तेव्हा वडील म्हणाले, कुंभकोणमला धाडलें. त्यांनी ते इतक्या मायेनं म्हटलं की तिनं दुसरं काही विचारलं नाही, आणि पुढं वर्षभर कुंभकोणमहून कुणीही पाहुणं आलं की ती दारापर्यंत धावत जायची. शेवटी कळलं ते कुणी सांगून नव्हे, आपोआपच. तिला कधी वडिलांचा राग आला नाही. उलट त्यांच्याकडूनच ती शिकली, दुःखावर हलकं फडकं कसं टाकायचं ते. सगळं आयुष्य तिनं तसंच बोलण्यात घालवलं. बँकेची स्मरणपत्रंसुद्धा ती थोडी मऊ करून टाइप करायची.

सेतुमाधवांना तिनं बुधवारी सकाळी सांगितलं, ते बूट घालत असताना. सगळं सांगितलं. ते एका पायात बूट आणि एका हातात बूट असे ऐकत राहिले. वाईट माणूस नव्हता. पंचवीस वर्षांत आवाज चढवला नव्हता. पण गेल्या महिन्यापासून ते झोपण्याआधी दाराची कडी दोनदा पाहत होते, आणि कारखान्यात जेवणाचे डबेसुद्धा उघडून दाखवावे लागत होते.

“त्यांच्या कागदांत तुझें नांव आहे की?”

“नाही.”

“घालूं नको. मजला अजून अकरा वर्षें नोकरी आहे.” मग दुसरा बूट घालून उभे राहिले आणि म्हणाले, “एन्नोरास एकली जातेस?”

ती हो म्हणाली. त्यांनी दारातून वळून तिच्या पर्समध्ये पाण्याची बाटली आहे का एवढं पाहिलं आणि गेले.

एन्नोरला बस खाडीच्या अलीकडं सोडते. पुढं पुलावरून आणि मग वाळूतून मैलभर चालायचं. उजवीकडं समुद्र, डावीकडं वीजकेंद्राच्या चिमण्या, आणि राखेचं पाणी ज्यातून वाहतं तो चर. वाळूवरही राखेचा करडा थर बसलेला, पाऊल टाकलं की खालची खरी पिवळी वाळू दिसायची. हेमावती चालत होती आणि मागं वळून आपली पावलं पाहत होती. कुणालाही सांगता आलं असतं की बँकेच्या चपला घातलेली एक बाई इथून निवाऱ्याकडं गेली. होड्यांपाशी जाळी विणत बसलेल्या पुरुषांनी विणणं थांबवलं. कुणी काही बोललं नाही. तिला वाटलं, आता कुणीतरी हाक मारेल, कुठं, असं विचारेल, आणि आपण काहीतरी भलतंच सांगू. मच्छी घ्यायला आले म्हणू. तोंडात ते वाक्य तयारसुद्धा झालं होतं. परवा मान डोलावली तशीच आज जीभ डोलेल. पण कुणी हाक मारली नाही. विणणं पुन्हा सुरू झालं, तेही तिनं पाठीनंच ऐकलं.

निवाऱ्यामागं तीन खड्डे होते. बाजूनं वाळू ढासळून ते निम्मे बुजले होते. तवमणी पायरीवर बसली होती. फेब्रुवारीतल्यापेक्षा तिचे गाल आत गेले होते. पाणी कुठून आणता, असं विचारल्यावर तिनं खाडीकडं बोट केलं. गाळून, उकळून. हेमावतीनं पर्समधला गुलाबी कागद काढला, पण तवमणीनं तो आधीच वाचला होता. सगळ्या निवाऱ्यानं वाचला होता. त्यांच्यातलेही काही जण तिला विचारायला आले होते, खरंच काय पुरलंस, तुझ्यामुळं आम्ही मरतोय. वाळूच्या पट्टीवर जे तिच्याबरोबर होते ते दुसऱ्या छावण्यांत पांगले होते. इथं कुणाला ठाऊक नव्हतं.

“अक्का, तुम्ही तसं का लिहिलंत?”

“तू लिहू नका म्हणाली होतीस.”

“मी लिहू नका म्हणाले होते. तुम्ही अर्धं लिहिलंत.”

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. हेमावतीला बोलायचं होतं, मला ती जागा सोडवेना, मला वाटलं तुझी मुलगी एका वाक्यात तरी राहील. पण हे सगळं आता एखाद्या भरजरी साडीसारखं वाटत होतं, अशा ठिकाणी नेसून आल्यासारखं. ती म्हणाली, चुकले. मग तिला जे विचारायला पाठवलं होतं ते विचारता येईना. शेजारी बसून राहिली. आतून कुणाचं तरी मूल किरकिरत होतं, एकसुरी, तहानेचं. तवमणी ते ऐकत होती. शेवटी ती म्हणाली की चिठ्ठीत मी खोटं लिहिलं ते त्याच्यासाठी. तो तिकडं एकटा आहे, म्हातारीला सांभाळतोय, त्याला एवढं तरी असावं. ते खोटं जपायचं तर ही आतली पोरं तहानलेली राहणार. आणि मग, विचारल्याशिवायच, ती उठली आणि आतून प्लॅस्टिकची घागर घेऊन आली. “या माझ्याबरोबर. बोलेन ते सगळं लिहा. या वेळी सगळं.”

नळ वस्तीच्या तोंडाशी होता. पाणी यायची वेळ झाली होती, वीस-पंचवीस घागरी रांगेत होत्या. वही छातीशी धरून हेमावती तवमणीच्या चार पावलं मागून चालत होती, आणि त्या चार पावलांचीही तिला लाज वाटत होती, तरी अंतर कमी होत नव्हतं. बायकांनी पाहिलं. बोलणं थांबलं. होड्यांपासचे पुरुष उठून चालत येऊ लागले, धावत नव्हते, चालतच, आणि एकाच्या हातात वल्हं होतं. तवमणी रांगेच्या शेवटी घागर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली की वाळूत काय पुरलं ते मी सांगते. माझी मुलगी पुरली. आठ महिन्यांची. नाव शिवगामी. इथं नव्हे, तिकडं समुद्रात, पट्टीवर, आता पाण्याखाली गेली असेल ती जागा. तुम्हाला खणायचं असेल तर तिथं जावं लागेल. एवढं तिनं सरळ आवाजात सांगितलं. कुणी तिच्यावर विश्वास ठेवला की नाही हे कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नव्हतं. वल्हंवाला म्हणाला, असं काहीही सांगता येतं.

तेव्हा रांगेतली एक कोळीण, निळ्या साडीतली, पन्नाशीची, दंडावर माशाचे खवले चिकटलेली, पुढं आली. तिनं तवमणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“कशात गुंडाळलंस?”

“माझ्या साडीत. अर्धी फाडली. अर्धी नेसून आले.”

निळ्या साडीतली बाई वळली आणि वल्हंवाल्याला म्हणाली, जा, जाळं बघ तुझं. असा हिशेब कुणी मनानं रचून सांगत नाही. तो गेला नाही, पण पुढंही आला नाही. नळाला पाणी आलं. रांग सरकली. तवमणीची पाळी येईपर्यंत पाणी बारीक झालं होतं, आणि घागर अर्धी भरली तेव्हा ते गेलं. हेमावतीनं तेही लिहून घेतलं.

शनिवारी ‘करै’चा जास्तीचा अंक निघाला. एकच पान, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तमिळ. स्टेन्सिल तिनंच कापली. रिबन काढून टाइप केलेली अक्षरं मेणकागदात उमटत नाहीत, नुसती कोरली जातात, काय कोरलं ते उजेडाकडं धरल्याशिवाय दिसत नाही. ती प्रत्येक ओळ उजेडाकडं धरत होती. कुठंही फडकं टाकलं नाही. शेवटी आपलं पूर्ण नाव टाइप केलं, अनुवाद म्हणून. रावांनी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. त्यात धाडस नव्हतं. नाव न घालण्याची भीती आता घालण्याच्या भीतीहून मोठी झाली होती, इतकंच. सेतुमाधवांनी अंक वाचला, घडी घातली, कपाटात ठेवला आणि त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये एक ओळ जास्त लिहिली. त्यांना दोनदा वर बोलावून विचारलं गेलं. बँकेतही दोन माणसं येऊन तिचं बोलणं लिहून घेऊन गेली. पुढं काहीच झालं नाही. पण काही होणार नाही असं कुणी सांगितलंही नाही, आणि हेमावती कित्येक महिने दाराच्या घंटेला दचकत राहिली.

जिंकलो असं म्हणण्यासारखं काही घडलं नाही. गुरुवारची बैठक झालीच नाही, नळ खुला झाला, मीठ मिळू लागलं. पण गुलाबी कागद दहा हजार होते आणि ‘करै’ आठशे. बसमध्ये हेमावतीनं तेच वाक्य पुन्हा ऐकलं, कुणीतरी कुणाला तरी सांगताना. या वेळी ती बोलली. सांगणाऱ्यानं ऐकून घेतलं आणि जागा बदलून बसला. जुलैत सरकारी लॉऱ्या आल्या आणि निवाऱ्यातल्या सगळ्यांना दक्षिणेला मंडपमच्या मोठ्या छावणीत नेलं. सुरक्षेसाठी, असं म्हणाले. कुणाच्या, ते नाही म्हणाले. लॉरीत चढताना तवमणीनं हेमावतीचं मनगट धरलं आणि म्हणाली, त्याची चिठ्ठी आली तर एग्मोरलाच येईल. पोस्टानं पुढं पाठवू नका. तुम्ही घेऊन या आणि वाचून दाखवा. मला उघडवणार नाही.

चिठ्ठी सप्टेंबरात आली. निळसर, चुरगळलेली, चार हातांतून गेलेली. वर मार्चची तारीख. म्हणजे गुलाबी कागदाच्या, नळाच्या, सगळ्याच्या आधीची. हेमावतीनं रजा टाकली आणि एग्मोरहून रामेश्वरमची गाडी धरली. डब्यात बसून तिनं ती उघडली, कारण वाचून दाखवायची तर आधी अक्षर लागायला हवं, असं स्वतःला सांगून. अक्षर सुवाच्य होतं. आई गेली, असं त्यात होतं. घराचं छप्पर उडालं, तो चर्चमध्ये झोपतो. होडीचे पैसे जमले की निघणार. आणि त्याआधी, चर्चच्या ओळीखालीच: ‘शिवगामी आता चालायला लागली असेल. तिला समुद्राकडं जाऊ देऊ नकोस.’ वाचून तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मनात तिनं तो कागद त्या दोन ओळी सोडून वाचून पाहिला. सहज जमत होतं. चर्चवरून थेट होडीच्या पैशांवर येता येत होतं, आणि तवमणीला वाचता येत असलं तरी ती कागद हातात घेणार नव्हती. विरुदाचलम, तिरुचि, मानामदुरै. प्रत्येक स्टेशनावर ती तसं वाचून पाहत होती आणि दर वेळी जास्त सफाईनं जमत होतं. त्या सफाईलाच भिऊन तिनं चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

मंडपमला झोपड्यांच्या ओळी होत्या आणि वारा इतका की बोलणं तोंडातून निघताच पलीकडं जायचं. तवमणी तिला बघून उठली नाही. जागेवरच पदर सारखा केला आणि पाय पोटाशी घेऊन बसली. हेमावतीनं पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाही, घेतला असता तर उशीर करता आला असता. चिठ्ठी दोन्ही हातांनी धरून तिनं वाचायला सुरुवात केली. आई. छप्पर. चर्च. मग तिचा आवाज थांबला, आणि तवमणीनं वर पाहिलं. हेमावतीनं त्या दोन्ही ओळी वाचल्या, त्यानं लिहिल्या होत्या तशा, शब्दाला शब्द. मग होडीच्या पैशांचं वाचलं. मग सही.

वाऱ्यानं कागद फडफडत होता, हेमावतीनं तो गुडघ्यावर दाबून धरला.

“परत वाचा, अक्का.”

“कुठून?”

“तिच्यापासून.”